तारेखालून पाणी

कुरण कंपनीला द्यायचं ठरलं त्या दिवशी काडीला आनंद झाला होता. तो तिनं कुणाला दाखवला नाही. नवरा ताटावरून उठून गेला होता, सासू भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि ही चुलीपुढं बसून उगाच राख उकरत होती. राखेत काही नव्हतं. पण तोंड खाली घालून बसायला काहीतरी निमित्त लागतं.

काडी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणापासून अंगानं अशी बारीक, की वारा सुटला तर पोरीच्या पायाला दगड बांधा, असं तिचा बापच म्हणायचा. लग्न झाल्यावर नवऱ्यानं तेच नाव उचललं. लग्नाआधी तिनं मेंढरू लांबूनच पाहिलेलं होतं. लग्नानंतर तिच्या अंगालाच मेंढरांचा वास चिकटला, तो साबणानं जाईना.

पाऊस सरला की निघायचं. पुढं काडी आणि सासू, दोन तट्टांवर बिऱ्हाड लादलेलं: पाल, भांडी, आणि दोन्ही बाजूंच्या जाळ्यांमध्ये चालता न येणारी कोकरं, माना बाहेर काढून ओरडणारी. मागून नवरा कळप घेऊन. संध्याकाळी कुणाच्यातरी मोकळ्या रानात मुक्काम. रात्रभर मेंढरं तिथं बसली की जमिनीला खत होतं, त्याच्या बदल्यात शेताचा मालक धान्य घालायचा. दोन दिवसांनी पाल गुंडाळायचं, पुढचं रान. उन्हाळा तापला की फिरून याच पठारावर यायचं, कारण पठारावर तळं होतं आणि ते कधी आटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तळ्याच्या खाली, उतारावर, त्यांचं दोन खोल्यांचं घर. वर्षातले थोडे महिने उघडं, बाकी वर्ष कुलूप.

चालण्याचं काडीला काही वाटत नव्हतं. तिला जड जायचं ते पाणी मागणं. नव्या गावात पोचलं की घागर घेऊन पहिल्या विहिरीवर जायचं आणि उभं राहायचं. "ताई, पाणी घेऊ का?" बाई आधी तिच्या पायांकडे बघणार, मग घागरीकडे, मग म्हणणार, "थांब जरा, आमचं होऊ दे." त्यांचं होईपर्यंत थांबायचं. असं किती विहिरींवर ती थांबली असेल, त्याला काही गणती नव्हती.

आणि दुसरं, लेक. पोर सहा वर्षांची झाली तेव्हा तिला शाळेसाठी बाजारगावात काडीच्या बहिणीकडे ठेवली. चालत्या बिऱ्हाडाला कुठली शाळा? बहिणीचं घर चांगलं होतं, पोरीचे हाल नव्हते. पण वर्षातून दोनदा भेट. पहिल्या वर्षी पोर गळ्याला मिठी मारून रडली. दुसऱ्या वर्षी नुसती रडली. तिसऱ्या वर्षी काडी जवळ घ्यायला गेली तर पोरीनं हळूच नाक बाजूला केलं आणि म्हणाली, "आई, तू आंघोळ करून ये ना आधी." काडी हसली. आंघोळ करून आली. त्या रात्री बहिणीच्या पक्क्या घरात, लेकीच्या शेजारी, तिला झोप आली नाही. एक दार असावं, असं तिला वाटत राहिलं. आतून कडी लावता येईल असं, आणि सकाळी उघडलं की तेच अंगण समोर असावं.

म्हणून कंपनीचा साहेब पठारावरच्या कुरणात विजेच्या काचा बसवायच्या म्हणून आला, तेव्हा ती कान टवकारून ऐकत होती.

बैठक शाळेच्या ओट्यावर झाली. साहेब तरुण होता, बोलायला गोड. उन्हापासून वीज, विजेपासून कारखाने, कारखान्यांपासून पोरांना कामं, असं त्यानं सगळं समजावून सांगितलं. मग विचारलं, "मला एक सांगा, हे कुरण कुणाचं आहे?"

काडीची सासू मागून म्हणाली, "सगळ्यांचं."

"म्हणजे कुणाच्या नावावर?"

"नाव कशाला लागतंय? गवत आहे ते."

लोक हसले. साहेबही हसला. "आजी, जे सगळ्यांचं असतं त्याला वाली कुणीच नसतो. प्रत्येकजण म्हणतो, मी जरा जास्त चारतो, माझ्या चार मेंढ्यांनी काय होतंय? असं करता करता सगळे मिळून ओरबाडून टाकतात. मालक आला की जपणूक होते. जगभर असंच दिसून आलंय."

"ओरबाडलं असतं तर तुम्हाला द्यायला उरलं असतं का बाबा?" म्हातारी म्हणाली.

लोक पुन्हा हसले. पण हसून काय होतंय! पठाराच्या कडेला ज्यांच्या जमिनी होत्या त्यांना भाडं मिळणार होतं, त्यांचे हात आधी वर झाले. मग ज्यांच्या घरात कामाची पोरं होती त्यांचे. मेंढरंवाली घरं तीनच. त्यांच्यापाशी कागद नव्हता, त्यामुळे भरपाईही नव्हती. घटकाभर कुजबुज झाल्यावर साहेबानं त्यांच्या घरटी दोन नोकऱ्या कबूल केल्या. आणि जनावरांना तळ्यापर्यंत एक वाट मोकळी ठेवू, असंही म्हणाला. बायकांचे हात कुणी मोजले नाहीत. काडीचा हात पदराखालीच होता. पण कुणी मोजला असता तर तो वर गेला असता.

नवऱ्याचा चुलतभाऊ भरल्या बैठकीतून उठला. "मला नोकरी नको," म्हणाला, आणि आठवड्याच्या आत कळप घेऊन वाटेला लागला. काडीच्या नवऱ्याचा पाय मात्र निघेना. सासूचे गुडघे गेलेले होते, ती आता चालू शकणार नव्हती. आणि काडी एक दिवस त्याला म्हणाली, "अहो, पोर मोठी होत चाललीय. अजून दोन वर्षांनी ती आपल्याला ओळखायची पण नाही."

तो उठून मेंढरांकडे गेला. तो मुळातच कमी बोलायचा. मेंढरांशी तोंडानं जे आवाज काढायचा ते धरले तर मात्र गावात सगळ्यात बडबड्या तोच ठरला असता.

कळप विकायला व्यापाऱ्याची गाडी आली. मेंढरं फळीवरून चढेनात. व्यापाऱ्याच्या माणसांनी शेपट्या पिरगाळल्या, काठ्या घातल्या, काही उपयोग झाला नाही. शेवटी व्यापारी म्हणाला, "दादा, तुम्हीच चढा की पुढं." नवरा फळीवरून गाडीत चढला, आत उभा राहून त्यानं ओठांनी तो नेहमीचा आवाज काढला. सगळा कळप एकमेकांच्या अंगावरून मुंडकी टाकत आत शिरला. मग त्याला बाहेर यायला जागा राहिली नाही. मेंढरांच्या पाठींवर हात टेकत, बाजूची फळी ओलांडून तो खाली उतरला. गाडी गेल्यावरही त्याच्या तळहातांना लोकरीचं तेल होतं. त्यानं ते दोन दिवस धुतलं नाही. काडीनं पाहिलं.

नोकरी सुरू झाली. नवऱ्याला फाटकावर बसवलं. खाकी सदरा, बूट, गळ्यात फोटोचं कार्ड, आणि एक प्लास्टिकची खुर्ची. काडीला काचा धुणाऱ्या बायकांत घेतलं. काचा उन्हात तापल्यावर पाणी टाकलं तर तडकतात, म्हणून काम फटफटायच्या आत सुरू व्हायचं. लांब दांड्याचा कुंचा, मागं रबरी पट्टी, पाठीमागून टँकरचा पाइप ओढत न्यायचा. पहिले आठ दिवस तिचे खांदे असे भरून आले की केस विंचरायला हात वर जाईना. सासूनं विंचरून दिले. मग अंग सरावलं. धुतलेल्या काचेत आभाळ दिसायचं, त्यात एखादा पक्षी उडत जायचा, आणि ती क्षणभर कुंचा थांबवून बघायची.

बायकांवर एक मुकादमीण होती. आडव्या अंगाची, खणखणीत आवाजाची. आधी लोकांच्या शेतात खुरपायला जायची. पहिला पगार झाला त्या दिवशी तिनं काडीला बँकेत नेलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "कुणाच्या नावावर आहेत पैसे?"

"माझ्या."

"पुन्हा म्हण."

"माझ्या," काडी म्हणाली, आणि दोघी भर रस्त्यात खिदळायला लागल्या.

"अगं, मी आयुष्यभर राबले," मुकादमीण म्हणाली. "मजुरी नवऱ्याच्या हातात, धान्य सासऱ्याच्या कणगीत. लोक म्हणतात नोकरी म्हणजे गुलामी. म्हणू दे. मला तर पहिल्यांदा कुणाला न विचारता चप्पल घेता आली."

काडीला ते पटलं. मेंढरं कधी तिची नव्हती. सासऱ्याची होती, मग नवऱ्याची झाली. तिनं दाराला नवी कडी बसवून घेतली, न्हाणीला पत्रा घातला, अंगणात नळ आणला. नळ पहिल्यांदा सुटला तेव्हा ती तिथंच बसली आणि उगाच हात धूत राहिली. आणि सुट्टी लागायची वाट न बघता लेकीला घरी आणलं.

लेक घरात आली, आणि घराचा आवाजच बदलला. शाळेतून आली की दप्तर एकीकडे, बूट एकीकडे. आजीशी भांडण, आईच्या मागं भुणभुण. पहाटे काडी कामाला निघताना ती झोपेत आईचा पदर मुठीत धरायची. एक एक बोट सोडवून पदर काढून घ्यावा लागे. कामावरच्या फाटकात शिरेपर्यंत काडीला त्या बोटांची ओढ पदराला जाणवायची. एवढंच तर हवं होतं. ते मिळालं होतं.

नवरा मात्र दिवसेंदिवस वाळत चालला.

आजार असा काही नव्हता. जेवायचा, झोपायचा, कामावर जायचा. पण ज्या माणसाचे पाय दिवसभर थांबायचे नाहीत, त्याला दिवसभर खुर्चीत बसायचं होतं. उठून कुंपणाच्या कडेनं फिरलं तरी वरून विचारणा व्हायची, जागा का सोडली? बुटांत त्याचे पाय फुगले. संध्याकाळी घरी आला की तो अंगणात अनवाणी उभा राहायचा, नुसता. वारा फिरला की मान त्या बाजूला वळायची. "तिकडं पाऊस झालाय," असं म्हणायचा. कुणासाठी म्हणायचा, कोण जाणे. पूर्वी हे कळलं की पाल हलायचं.

आणि गवत! कुंपणाच्या आत काचांच्या सावलीला गवत असं माजलं होतं की मांडीला लागेल. ते कापायला यंत्रं आली. कापलेलं गवत एका खड्ड्यात टाकून कुजवायचे. नवरा फाटकातून ती गाडी जाताना बघायचा आणि खाली बघायचा.

"अहो, दोन बकऱ्या तरी आणू दारात," काडी एकदा म्हणाली.

"बांधून ठेवायला?" त्यानं विचारलं. "मी आहे की बांधलेला. अजून कशाला?"

तो रागानं बोलला नव्हता. म्हणूनच तिला ते लागलं.

पुढचा उन्हाळा फार कडक आला. वळवाचा थेंब नाही. ओढे, विहिरी, पाझर, सगळं कोरडं. साहेबानं कबूल केलेली तळ्याची वाट काही दिवस होती; मग तिथून विजेची तार नेली, जनावराला धक्का बसला तर जबाबदारी कुणाची म्हणून तीही बंद केली. तळं आता आत होतं. त्यातलंच पाणी गाळून टँकरमध्ये भरायचे आणि काचा धुवायचे.

अशा एका सकाळी खालच्या वाटेवर धूळ दिसली. काचा धुवून होत आल्या होत्या. काडीनं धुळीकडे पाहिलं आणि तिला न सांगताच कळलं. तशी धूळ गाडीची नसते. खुरांची धूळ खालीच लोळते, वर चढत नाही.

चुलतभाऊ होता. सोबत त्याची बायको, एक तट्टू कमी. मेंढरांच्या बरगड्या लोकरीतून दिसत होत्या. पाण्याचा वास त्यांना खालीच लागला होता, ती धावत वर आली होती आणि येऊन कुंपणावर आदळली. पुढची तारेला नाक लावून उभी, मागची त्यांच्यावर चढलेली. ओरडणं थांबत नव्हतं.

काडी कुंचा टाकून तारेपाशी गेली. तिथून फाटक दिसत होतं, बोलणंही कानावर येत होतं. नवरा खुर्चीतून उठून उभा होता.

"उघड," चुलतभाऊ म्हणाला.

"उघडता येत नाही."

"किल्ली नाही?"

"किल्ली आहे."

चुलतभाऊ त्याच्याकडे बघत राहिला. "मग?"

"साहेबाला विचारतो," नवरा म्हणाला आणि त्यानं फोन लावला. बराच वेळ लावला. पलीकडून जे उत्तर आलं ते ऐकताना तो फोनसमोरही मान हलवत होता. "वरून लेखी परवानगी लागते म्हणाले. खालच्या धरणापाशी पाणी आहे, तिकडं न्या म्हणाले."

"धरण दोन दिवसांच्या चालीवर आहे."

"मी सांगितलं त्यांना."

"तू लहानपणी या तळ्यात पोहायला कुणाकडनं शिकलास?" चुलतभाऊ म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

नवऱ्याचा हात खिशात किल्लीवर होता. काडीला लांबूनही त्या खिशातली मूठ दिसत होती. तिला वाटलं, आता उघडेल. तिला वाटलं, उघडू नये; उघडलं तर दोघांचीही नोकरी जाईल, नळ, कडी, पोरीची शाळा, सगळं. दोन्ही एकाच वेळी वाटलं. तो उघडतही नव्हता आणि खुर्चीतही बसत नव्हता. खाकी सदऱ्याची पाठ घामानं काळी झाली होती.

तेवढ्यात एक कोकरू आईच्या पोटाखालून घसरून खाली बसलं. जीभ बाहेर. चुलतभावाच्या बायकोनं ते उचललं, तारेपलीकडून काडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, पाणी घेऊ का थोडं?"

हे वाक्य काडी आजवर बोलत आली होती. तिला कुणी विचारलेलं ते पहिल्यांदाच.

ती वळली. टँकरचा पाइप उचलला आणि खांद्यावर टाकून ओढायला लागली. मुकादमीण ओरडली, "ए काडे, कुठं चाललीस? ती ओळ राहिलीय!" काडीनं ऐकलं नाही. पाइप जड होता, पाण्यानं भरलेला, दगडांत अडकत होता. तिनं तो वाकून सोडवला, पुन्हा ओढला. तारेपाशी आल्यावर खालच्या तारेतून त्याचं तोंड बाहेर सरकवलं आणि तोटी उघडली.

पलीकडे उताराला एक घळ होती. पाणी त्यात साचायला लागलं. आधी मातीनंच पिऊन टाकलं, मग तांबडं डबकं झालं, मग मेंढरांनी त्यात तोंडं घातली. ओरडणं एकाएकी थांबलं. नुसता पिण्याचा आवाज. चुलतभावाच्या बायकोनं ओंजळीनं कोकराच्या तोंडात पाणी सोडलं, आधी ते बाहेरच आलं, मग त्यानं घोट घेतला.

"अगं, वेडी का काय तू!" मुकादमीण धापा टाकत जवळ आली. "काचांचं पाणी आहे ते! गाळलेलं! मला जाब द्यावा लागेल!"

"माझं नाव सांगा."

मुकादमिणीनं मेंढरांकडे पाहिलं. पदरानं तोंड पुसलं. मग टँकरपाशी गेली. तिकडून पाणी बंद करायला गेली असं काडीला वाटलं. पण ती तिथं पाठ करून, बाकीच्या बायकांशी मोठमोठ्यानं काहीबाही बोलत उभी राहिली, टँकर रिकामा होईपर्यंत.

नवरा फाटकापाशीच होता. तो इकडं आला नाही. काडीनं पाहिलं तेव्हा तो खुर्चीत बसला होता आणि त्यानं दोन्ही हातांनी बुटाची नाडी घट्ट धरली होती.

दुपारी साहेबानं तिला बोलावलं. तो ओरडला नाही. "बाई, तुमच्या भावना मला समजतात," म्हणाला. "पण उद्या दहा कळप येतील. सगळ्यांना पाणी देत बसलो तर काचा कशानं धुवायच्या? काचा धुतल्या नाहीत तर वीज कमी, वीज कमी तर तुमचाच पगार कसा निघणार? हिशेब असतो या सगळ्याला."

"हो साहेब," काडी म्हणाली. हिशेब तिला कळत होता. तो चुकीचा होता असंही तिला म्हणता येत नव्हतं. फक्त त्यात कुठंतरी ते कोकरू धरलेलं नव्हतं, आणि ते कुठं धरायचं हे तिला सांगता आलं नसतं.

तिला महिनाभर बिनपगारी घरी बसवलं. काढून टाकलं नाही. मुकादमीण मध्ये पडली होती, असं नंतर कळलं.

संध्याकाळी नवरा घरी आला. बूट काढले, अंगणात ठेवले. गळ्यातलं कार्ड काढून त्यांच्या आत टाकलं. खाली उतारावर चुलतभावाच्या पालापाशी जाळ दिसत होता.

"काडे," तो म्हणाला, "मी उघडायला पाहिजे होतं."

"पोरीचा विचार केलात तुम्ही."

"नाही." त्यानं मान हलवली. "कुणाचाच केला नाही. त्यांनी नाही म्हटलं, आणि माझा हात खिशातून निघालाच नाही. मला माझ्याच हाताची भीती वाटली."

ती त्याच्याजवळ जाऊन बसली. मग तो म्हणाला, "तो म्हणतोय, एकट्यानं कळप आवरत नाही. दहा कोकरांमागं एक माझं, असं म्हणतोय. दोन-तीन वर्षांत पुन्हा हातात काहीतरी उभं राहील."

काडीला हे येणार हे माहीत होतं. तळहाताला तेल ठेवून तो दोन दिवस हिंडला, तेव्हापासून माहीत होतं.

"मी येणार नाही," ती म्हणाली. "पोर इथंच शिकेल. आई चालू शकत नाहीत. आणि..." ती थांबली. मग खरं तेच बोलली. "मला इथं बरं वाटतं. माझं कामही मला आवडतं. तुम्हाला वाटत असेल मी तुमच्यासाठी थांबलेय, तर तसं नाही."

"मला ठाऊक आहे."

"राग आला?"

"नाही गं," तो म्हणाला. "तुझं दार तुला मिळालं. माझं काही दाराआड मावत नाही. त्याला कोण काय करणार?"

आतून सासू म्हणाली, "जाऊ दे त्याला. खुर्चीत बसून मेलेलं बघण्यापेक्षा चालताना लांबून ऐकलेलं बरं." ती जागीच होती तर.

पहाटे तो निघाला. लेक झोपेत होती. त्यानं तिला उठवलं नाही, नुसता तिच्या केसांवरून हात फिरवला. हाताला आता कसलाच वास नव्हता. काडी उतारापर्यंत गेली. चुलतभावानं ओठांनी आवाज काढला, मेंढरं हलली नाहीत. मग तिच्या नवऱ्यानं काढला. इतक्या महिन्यांनी, परक्या मेंढरांना. पुढच्या मेंढीनं मान वर केली, त्याच्याकडे बघितलं आणि ती निघाली. मागून सगळी. तो दोनदा वळून बघेल असं काडीला वाटलं होतं. त्यानं एकदाही वळून बघितलं नाही, पण त्याची चाल तिनं ओळखली: खांदे मोकळे, पाय जमिनीला नुसते लागून जाणारे. लग्न ठरलं तेव्हा तिनं ह्याच चालीकडे बघून होकार दिला होता. वर्षभर ती चाल घरात नव्हती, हे तिला आत्ता कळलं.

महिना संपला, ती कामावर परत गेली. फाटकावर दुसरा माणूस होता. तो बसून मोबाइल बघायचा आणि मजेत असायचा.

संध्याकाळी लेक विचारायची, "आज बाबा कुठं असतील?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा काडी नुसतं "लांब" म्हणाली. पोरीनं पाय आपटले. मग काडीनं डोळे मिटले, आणि तिला वाट दिसली. "आज ते ओढा उतरले असतील. ओढ्याच्या पलीकडे दोन चिंचा आहेत. मोठीखाली पाल, धाकटीखाली तट्टू. तिथं एक म्हातारा राहतो, तो विहीर सोडून सगळं देतो." पोर हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, काडीनं पुढचा मुक्काम सांगितला. खिंडीतला वारा, ज्यात पाल उडून गेलं होतं आणि आजी पालाच्या मागं पळाली होती. ती बाभळीची ओळ, जिथं पोर स्वतः पोटात असताना काडीला पहिल्यांदा तिची लाथ जाणवली होती. ज्या विहिरींवर तिनं तोंड खाली घालून वाट बघितली, त्यांच्या काठची झाडंसुद्धा तिला आठवत होती, हे तिलाच नवल. सांगता सांगता तिचे तळपाय शिवशिवायचे. काचा धुताना काचेत ढग सरकताना दिसला की ती मनात मोजायची, तिकडं पोचायला ह्याला किती वेळ लागेल.

"तुला जायचंय का आई तिकडं?" एकदा पोरीनं विचारलं.

"नाही गं."

"मग अशी का बघतेस?"

काडीनं तिची वेणी घालायला घेतली. इथं राहावं असं वाटत होतं, आणि तिथं असावं असंही. एवढी मोठी बाई झाली, तरी एका माणसाला दोन्ही का मिळू नये हे तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. साहेबालाही ते विचारलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं?

पाऊस येऊन गेला. थंडी पडायला लागली. बाजारगावाहून आलेल्या एका लोकरवाल्यानं खबर आणली: खिंडीच्या पुढचं माळरानही कुंपणात गेलं. कळप आता तिकडून जात नाहीत, कुठून जातात ते त्याला माहीत नव्हतं. "तुमचा माणूस बरा आहे," म्हणाला. "दाढी वाढलीय. गात होता."

"गात होता?" सासू म्हणाली. "तो कधीपासून गायला लागला?"

त्या संध्याकाळी लेक गृहपाठ आवरून आली, आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. "आज कुठं?"

काडीनं डोळे मिटले. खिंड दिसली. खिंडीच्या पुढं माळरान होतं, ते आता नव्हतं. त्याच्या डावीकडं काय आहे, उजवीकडं काय, तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिकडं ती कधी गेलीच नव्हती.

"आई, सांग ना."

"सांगते," काडी म्हणाली. "खिंड उतरली की डाव्या हाताला एक वाट लागते. कुणाला माहीत नाही ती. तिथं गवत आहे, तुझ्या गुडघ्याएवढं." ती थांबली, लेकीच्या केसांत बोटं फिरवली. "आणि पुढं पाणी आहे. मोठं. तिथं कुणी विचारत नाही, कोण आहात म्हणून."

"मग?"

"मग बाबा मेंढरांना पाण्यावर सोडतात, आणि काठावर बसून बूट काढतात."

"बाबा बूट घालतच नाहीत आता."

"हो गं," काडी म्हणाली. "विसरलेच मी." आणि लेकीचा हात हातात घेऊन ती, कधी न पाहिलेली वाट, पुढं सांगत राहिली.